खप पडला, मग जुनी गाडी स्वस्त होणार? आधी सांगा गिऱ्हाईक आटलंय की माल

मंदीची बातमी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर मामा हमखास लिहितात, "आत्ता घेऊ नको, सहा महिने थांब, सेकंड हँड गाड्या मातीमोल भावाने मिळतील." त्याखाली लगेच चुलतभाऊ, की मामा २०२१ विसरलात का, नवीन विक्री पडली आणि जुन्या गाड्या उलट महागल्या, आत्ताही तेच होणार. मग दोघंही एकेक बातमी टाकतात, दोन्हीचं हेडिंग सेम, "गाड्यांच्या विक्रीत मोठी घसरण", आणि वाद तिथेच लोंबकळतो. खरं म्हणजे दोघांकडे एकेक वर्ष बरोबर आहे, मामांकडे २०१९, चुलतभावाकडे २०२१, फक्त त्यांनी ती दोन वर्षं एकाच पोत्यात भरलीत. हा घोळ मी इतक्या वेळा बघितलाय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसतं फॉरवर्ड करीन.

मंदीत नवीन गाडीचं काय होतं हे सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. नोकरीची खात्री नाही, बँक कर्जाला नाटकं करते, माणूस म्हणतो आहे तीच गाडी अजून दोन वर्षं रेटू. गाडी ही पुढे ढकलता येणारी खरेदी आहे, दूध नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ मध्ये पॅसेंजर गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी पडून १,९६,५२४ वर आली होती, आणि चाकण-पिंपरीच्या बाजूला ज्यांच्या घरातलं कोणी व्हेंडर कंपनीत, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत आहे त्यांना तो काळ वेगळा सांगायला नको.

अजून एक बारीक गोष्ट, पटकन उरकतो. बातमीतला "विक्री" हा शब्द फसवा आहे. सियामचे (गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना) आकडे म्हणजे कंपनीने डीलरला पाठवलेल्या गाड्या, फाडाचे (डीलरांची संघटना) आकडे म्हणजे आरटीओत नोंद झालेल्या, म्हणजे खऱ्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये डीलरांकडे ८०-८५ दिवसांचा स्टॉक साचला होता, साधारण ७.९ लाख गाड्या, हे फाडानेच सांगितलं. त्या गाड्या कंपनीच्या हिशोबात कधीच "विकल्या" गेलेल्या. मला या प्रकाराचा भयंकर राग येतो पण आपला आजचा विषय तो नाही.

आता मेन मुद्दा. नवीन गाड्यांचा खप दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडतो. एकात गिऱ्हाईक आटतं, दुसऱ्यात माल आटतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणजे किती सारखं बघा, सप्टेंबर २०१९ मध्ये मारुतीने ७ आणि ९ तारखेला गुरुग्राम आणि मानेसरचे प्लांट बंद ठेवले, आणि बरोबर दोन वर्षांनी सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच मारुतीने सांगितलं की या महिन्यात प्रॉडक्शन नेहमीच्या साधारण ४० टक्केच होईल. टीव्हीवर दोन्ही वेळा तेच फुटेज, बंद गेट आणि रिकामी लाईन. पण २०१९ ला प्लांट बंद होता कारण बनवलेल्या गाड्या कोणी घेत नव्हतं, आणि २०२१ ला अर्ध्याहून जास्त बंद होता कारण लोक पैसे घेऊन दारात उभे होते आणि बनवायला सेमीकंडक्टर चिप नव्हत्या. सप्टेंबर २०२१ चा देशभरातल्या पॅसेंजर गाड्यांचा आकडा १,६०,०७०, म्हणजे २०१९ च्या त्या भयंकर ऑगस्टपेक्षाही कमी! नुसता आकडा बघणारा माणूस म्हणणार की २०२१ ची मंदी जास्त वाईट होती. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात महिंद्राने एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं तर पहिल्या २५,००० गाड्या ५७ मिनिटांत बुक. ही कसली मंदी?

जुन्या गाडीच्या भावाला या दोन्हीमधला फरक बरोबर कळतो, कारण एक साधी गोष्ट, जी लोक विसरतात: जुनी गाडी विकणारा माणूस हाच बहुतेक वेळा नवीन गाडी घेणारा माणूस असतो. सेकंड हँड बाजारात माल कुठल्या कारखान्यातून येत नाही. तो येतो कोणीतरी नवीन घेतली म्हणून. नवीनचा नळ बंद झाला की जुन्याचाही होतो, कारण काही असो. म्हणून मामांचं जे चित्र आहे ना, की मंदी आली की लोक धडाधड गाड्या विकायला काढतील आणि यार्डात ढीग लागेल, ते मुळातच उलटं आहे. काही जण विकतात, ज्यांची नोकरी गेली, ईएमआय झेपेना, बँकेने गाडी उचलली. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक काहीच करत नाहीत, गाडी तशीच ठेवतात, क्लच प्लेट बदलतात आणि गप बसतात.

मग गिऱ्हाईक आटलेल्या मंदीत, म्हणजे २०१९ सारख्या, काय होतं? जुन्या बाजारात येणारा माल घटतो आणि घेणाराही घटतो, दोन्ही एकदम. नवीन परवडत नाही म्हणून जुन्याकडे वळणारे काही जण येतात हे खरं, पण खालून बाइक सोडून पहिली जुनी वॅगनआर घेणारा जो माणूस असतो तो गळतो, आणि त्याचा हिशोब कोणीच धरत नाही. वर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही बडी फायनान्स कंपनी बुडाल्यावर फायनान्स कंपन्यांकडचा पैसा सुकला होता, आणि सेकंड हँडची बरीचशी लोनं याच कंपन्या देतात, नवीनपेक्षा दोनचार टक्के चढ्या व्याजाने. म्हणजे जुन्याच्या गिऱ्हाइकालाही त्याच दगडाची ठेच. परिणामी भाव थोडा दबतो, पण कोसळत नाही.

माल आटलेल्या वेळी मात्र कात्रीची दोन्ही पाती एकदम चालतात. जुना माल येत नाही, कारण नवीनची डिलिव्हरी मिळेपर्यंत लोक जुनी सोडत नाहीत, आणि त्याच वेळी नवीनसाठी वेटिंगमध्ये कंटाळलेलं, खिशात पैसे असलेलं गिऱ्हाईक जुन्याकडे उतरतं. भाव वर जाणारच. अमेरिकेत तर जून २०२१ मध्ये महागाईच्या सरकारी आकड्यात जुन्या गाड्या एका वर्षात ४५ टक्क्यांनी वर गेल्या होत्या. आपल्याकडे तितका तमाशा नव्हता पण चांगल्या फर्स्ट ओनर गाडीला घासाघीस करायची सोय उरली नव्हती.

माझा स्वतःचा अनुभव याचा उत्तम नमुना आहे, म्हणजे शहाणपणाचा नाही, मूर्खपणाचा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मी माझी २०१२ ची वॅगनआर १,८५,००० ला एका यार्डवाल्याला दिली, त्याने "साहेब मार्केट डाऊन आहे" असं इतक्यांदा ऐकवलं की मलाच त्याची दया आली. दोन वर्षांनी बायकोसाठी दुसरी गाडी बघायला गेलो, मनात हेच की देशात एवढी वाट लागलीये, गाड्या स्वस्तच असणार. त्याच वर्षाची, माझ्यापेक्षा जास्त पळालेली, डाव्या दाराला पुट्टी मारलेली वॅगनआर, आणि मागतोय २,३०,०००. मी म्हटलं अहो दोन वर्षं अजून जुनी झालीये ही. तो शांतपणे म्हणाला, "नवीन बुक करा की मग, या की पुढच्या दिवाळीला." त्या एका वाक्यात अख्खं अर्थशास्त्र होतं, मला ते कळायला अजून वर्ष लागलं.

हां, २०२० चं काय असं कोणीतरी विचारणार. एप्रिल ते जून २०२० मध्ये देशाचा जीडीपी पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसला होता, एप्रिलमध्ये तर मारुतीने देशात एकही गाडी विकली नाही, शून्य. मंदी म्हणाल तर याहून मोठी कुठली. तरीपण लॉकडाऊन उठल्यावर छोट्या जुन्या गाड्यांना मागणी आली, कारण बस-रिक्षात बसायची भीती, मुंबईत सामान्य माणसाला लोकल बंद, बदलापूर-विरारच्या माणसाने ऑफिस गाठायचं कसं? त्या मागणीचं मंदीशी काही देणंघेणं नव्हतं. "कोरोनाच्या मंदीत जुन्या गाड्यांना सुगी" असं जे छापून येतं त्यात कोरोनाचं काम मंदीच्या नावावर जमा केलेलं असतं.

आणि त्या "सुगी"बद्दल अजून एक चीड. समजा एका वर्षी १०० नवीन आणि १३० जुन्या विकल्या, पुढच्या वर्षी ८२ नवीन आणि १२६ जुन्या. (हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, लगेच शेअर करू नका.) जुन्याही कमीच विकल्या गेल्या, पण हेडिंग येणार "जुन्या गाड्यांचा वाटा वाढला, ग्राहकांची सेकंड हँडला पसंती". पसंती कसली, नवीन जास्त पडली एवढंच! २००८-०९ मध्ये अमेरिकेत नवीन गाड्या १.६ कोटींवरून १.०४ कोटींवर आल्या, आणि जुन्यांचा खपही घटलाच, फक्त कमी घटला. भाव तिथे २००८ च्या शेवटी खरंच कोसळले होते, त्याआधी त्याच वर्षी पेट्रोल भडकलं तेव्हा मोठ्या एसयूव्ही तर कोणी घेईना, पण २००९ मध्येच ते परत चढायला लागले, कारण माल आटला. म्हणजे मामांची ती "मातीमोल" खिडकी उघडली होती, पण काही महिनेच. थांबून बसलेल्यांना ती संपल्यावर कळलं.

मग ओळखायचं कसं की आत्ता कुठली वेळ आहे? पेपर वाचू नका, शोरूमला फोन करा. सेल्समन स्वतःहून डिस्काउंट, एक्सचेंज बोनस, फ्री इन्शुरन्स, "साहेब आज टोकन टाका" असं करत असेल तर गिऱ्हाईक आटलंय. तो रंग पण निवडू देत नसेल आणि वरून सीट कव्हर नि मॅट आमच्याकडूनच घ्यावे लागतील म्हणत असेल तर माल आटलाय. एवढं पुरतं, बाकी सगळी चर्चा चहाबरोबर करायला ठीक.

डिस्काउंटवरून आठवलं, "जुनी गाडी" हा पण एक शब्द नाही. २०१९ च्या शेवटी १ एप्रिल २०२० ला बीएस ६ हे धुराचे नवे नियम लागू होण्याआधी जुन्या बीएस ४ चा स्टॉक संपवायला कंपन्यांनी भरपूर सूट दिली होती, त्याचा मार कोणाला बसला तर एक-दोन वर्षं वापरलेल्या गाडीला. नवीनवर लाखभर सुटत असतील तर वर्षभर वापरलेली कोण घेणार? सात-आठ वर्षांच्या गाडीला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं, तिचं गिऱ्हाईक मुळात शोरूमची पायरी चढत नाही. त्याला तीन वर्षांचा एकदम भरायचा थर्ड पार्टी इन्शुरन्स नको (नवीन गाडीला तो सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे), दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात लागणारा ११ टक्के रोड टॅक्स नको. फक्त गाडी महाराष्ट्र पासिंगची घ्या. दिल्लीची स्वस्त दिसते म्हणून भुलाल तर एनओसी आणि इथला टॅक्स भरताना ती स्वस्ताई जिरते.

नवीनचा भाव हलला की जवळपास नवीन असलेल्या जुनीचा हलतो, याला मंदी लागतच नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ज्यांनी आदल्या महिन्यात जुनी गाडी घेतली होती त्यांचे चेहरे बघायचे होते. आमच्या मेव्हण्याने ऑगस्टमध्येच दीड वर्षाची स्विफ्ट घेतली होती, अजून तो विषय घरात काढायचा नाही असा ठराव आहे.

मेव्हण्याला सध्या दुसरा प्रश्न पडलाय, की पाच-सहा वर्षांची चांगली पेट्रोल गाडी यार्डात शोधायला गेलं तर इतकी चणचण का, बाजार तर थंड आहे म्हणतात. अरे बाबा, २०१८-१९ मध्ये ३३.७७ लाख नवीन गाड्या विकल्या होत्या, त्यापुढची दोन वर्षं २७ लाखांच्या आसपास. त्या वेळी ज्या विकल्याच गेल्या नाहीत, त्या आज पाच-सहा वर्षांच्या होऊन यार्डात कुठून येणार?