स्वल्पविरामावर तोडलं की झालं?

‘सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साध्या मजकुराचा तक्ता) म्हणजे स्वल्पविरामावर तोडायची, ओळीतून रकाने कापणारी ‘कट’ कमांड पुरे’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा. सांगलीतल्या हळदीच्या अडत्याची यादी घ्या. एका ओळीत दोनच रकाने:

"गणपती पेठ, सांगली","१,२५,०००"

‘कट’ याचे पाच तुकडे करतो. त्याला अवतरणचिन्हं कळतच नाहीत. दुसरा रकाना मागा, रकमेऐवजी हाती सांगली येते! सीएसव्हीचे नियम मांडणाऱ्या २००५च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजानुसार अवतरणातला स्वल्पविराम मजकुराचाच भाग. तिथं नवी ओळही चालते, म्हणजे ओळी मोजून नोंदी मोजणंही गेलं. गॉक या मजकूर हाताळणाऱ्या कमांडमध्ये ५.३ आवृत्तीपासून ‘--सीएसव्ही’ (--csv) पर्याय आहे, तो वापरा. मात्र हिशेब करण्याआधी रकमेतले स्वल्पविराम काढा, नाहीतर गॉक आकडा पहिल्या स्वल्पविरामापर्यंतच वाचतो आणि सव्वा लाखाचा एक रुपया होतो.