दगडाला आकडा नव्हता

जुन्या नाशकातल्या एका तालमीच्या ओट्याशी दगडी नाल पडलेला असायचा. चाकासारखा गोल, मधोमध पोकळ, आणि पोकळीत मूठ धरण्यापुरती दांडी राखून एकाच दगडातून कोरलेला. सोळाव्या वर्षी मी त्याला पहिल्यांदा हात घातला तेव्हा हा किती किलोचा, असं वस्तादांना विचारलं होतं. ‘उचल, मग कळेल,’ एवढंच ते म्हणाले. त्यांनी टाळाटाळ केली नव्हती. तो नाल कुणी कधी काट्यावर ठेवलाच नव्हता.

आज गंगापूर रोडला, सिडकोत, नाशिकरोडला सकाळी सकाळी लोखंडी बार उचलणारी मंडळी भेटतात. बँकेतले, कंपनीतले, शिक्षिका, पन्नाशीतले गृहस्थ. स्पर्धेत उतरायचं नाही, पैलवानकी करायची नाही, फक्त अंगात ताकद हवी. त्यांना आपला आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन बैठक, ८० किलो. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, ११०. हा आकडा आला कुठून, आणि त्याच्याआधी इथे काय मोजलं जायचं?

नाशकात शरीर कमावण्याची गोष्ट टाकळीपासून सांगायची रीत आहे. नंदिनी, म्हणजे आपली नासर्डी, जिथे गोदावरीला मिळते तिथे समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात १२ वर्षं तप केलं. तिथला गोमय मारुती आजही पाहायला मिळतो. समर्थ रोज १२०० सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. मला त्या आकड्याचं फार अप्रूप वाटतं, कारण त्यात तालमीच्या सगळ्या हिशेबाचं मूळ आहे. मोजलं जातंय ते वजन नाही, आवर्तनं आहेत.

तालमीतही तसंच. पठ्ठ्या किती जोर मारतो, किती बैठका काढतो, मुद्गलाची जोडी किती हात फिरवतो, यावर त्याची मेहनत ठरायची. वजनं होती. मुद्गल होते, करेला म्हणजे फिरवायचा जड लाकडी सोटा होता, नाल होता. पण सुताराने जोडी जेवढी घडवली तेवढीच ती जड, आणि पाथरवटाने दगड जेवढा सोडला तेवढाच नाल. हलक्या जोडीवरून जड जोडीवर जायचं तर मधे पायरीच नसायची. मग पोरगा हलकी जोडीच जास्त वेळ फिरवत राहायचा, आणि एक दिवस जड जोडी खांद्यावर यायची. कुस्तीला हे पुरायचं. मातीत दहा-पंधरा मिनिटं झुंजायचं तर एकदाच लागणाऱ्या जोरापेक्षा दमसास मोठा.

याच जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगी गडाशी मल्लखांबाची कथाही जोडलेली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी निजामाकडून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचं आव्हान घेतलं, तयारीसाठी गडावर अनुष्ठान केलं आणि तिथे त्यांना मारुतीचा दृष्टान्त झाला, असं सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण बाळंभटदादांनी मल्लखांब पुन्हा उभा केला, हे सर्वमान्य आहे.

अंगमेहनतीला नाशकात आणखी एक वाट होती आणि ती अजून आहे, ती म्हणजे रहाड. पेशव्यांच्या काळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर जमिनीखाली बंद असतात आणि रंगपंचमीला उघडतात. वरची माती काढायची, तोंडावरचे जाडजूड ओंडके हलवायचे, हौद साफ करून रंगाने भरायचा. हे काम तालमींच्या पोरांचं. पंचवटीत शनी चौकातल्या रहाडीशी सरदार रास्ते आखाड्याचं नाव आजही जोडलेलं आहे. मी एकदा असा ओंडका धरला आहे. त्याला मूठ नाही, तोल नाही, आणि पलीकडच्या टोकाला असलेल्या माणसावर पूर्ण भरवसा ठेवावा लागतो. कोणत्याही बारने मला ते शिकवलं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवा बदलली. १९०४-०५ मध्ये युजेन सँडो हा जर्मन ताकदवान हिंदुस्थानात खेळ करून गेला. बिनबाह्यांच्या बनियनला आपण अजून सँडो म्हणतो, यावरून त्या नावाचा दबदबा लक्षात येईल. इकडे प्रोफेसर राममूर्ती छातीवर हत्ती घेऊन आणि साखळदंड तोडून दाखवत होते. सँडोच्या तोडीचा माणूस आपल्यातही आहे, ही भावना त्यामागे होती. नाशकात सावरकरांच्या मित्रमेळ्याची १९०४ मध्ये अभिनव भारत झाली होती आणि शरीर कमावणं हा देशकार्याचा भाग मानला जात होता. १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालं. नाशकात यशवंत व्यायामशाळेने मल्लखांब जपला, १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल आलं. या सगळ्यात कवायत होती, लाठी होती, लेझीम होती. जड लोखंड मात्र कडेलाच राहिलं.

जड लोखंडाचा खेळ घडत होता तो युरोपात. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये वजन उचलण्याचे दोनच प्रकार होते, एका हाताने आणि दोन हातांनी. त्या काळातल्या बारबेलच्या टोकांना पुष्कळदा लोखंडी गोळे असायचे, वजन ठरलेलं, म्हणजे आपल्या नालाचाच भाऊ. पुढे चकत्या काढता-घालता येतील असा बार रुळला आणि खरा फरक तिथे पडला. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये एका हाताचे प्रकार गेले. प्रेस (खांद्यावरून हातांच्या जोरावर वर ढकलणं), स्नॅच (जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) हे तीन उरले. १९७२ नंतर प्रेसही गेला. त्याच १९७२ मध्ये पॉवरलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं), डेडलिफ्ट ही तिकडी पक्की झाली. आजचा हौशी माणूस बहुतेक हीच तिकडी करतो, कारण स्नॅच शिकवणारा गुरू मिळणं अवघड आणि डेडलिफ्ट ठरावीक सूचनांवरही बऱ्यापैकी शिकता येते. भारतात वेटलिफ्टिंगची राष्ट्रीय संघटना १९३५ मध्येच झाली होती. साधनं गावोगाव पोचायला मात्र वेळ लागला.

नाशकात लोखंड आलं ते कारखान्यांबरोबर, असं माझं मत आहे. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचा, पण लेथ, शाफ्ट, ओतकाम यांचं गाव आपण झालो ते १९६० नंतर, ओझरचा विमानांचा कारखाना आणि सातपूरची एमआयडीसी आल्यावर. आमच्या व्यायामशाळेत आधी डालड्याच्या डब्यात सिमेंट भरून, मधे पाइप रोवून वजनं केलेली होती. मग एका सभासदाने सातपूरहून शाफ्ट आणला, लेथवर टोकं उतरवून घेतली आणि चकत्या ओतून आणल्या. बार मधोमध थोडा वाकलेला होता. तो १८ किलोचा धरायचा की २० चा, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. पण वाद आकड्याचा होता, आणि तो त्या जागेत पहिल्यांदाच होत होता.

जिल्ह्यात वेटलिफ्टिंगचं सगळ्यात मोठं काम नाशिक शहरात झालेलं नाही, ते मनमाडला झालं. रेल्वे जंक्शनचं गाव, पाण्याची कायमची ओढाताण, आणि तिथल्या जय भवानी व्यायामशाळेतून मुली राष्ट्रीय पातळीवर पोचल्या. मनमाडच्या आकांक्षा व्यवहारे हिने २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक युवा स्पर्धेत ४० किलो गटात रौप्य मिळवलं, स्नॅच ५९ आणि क्लीन अँड जर्क ६८, एकूण १२७ किलो. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट. तालमीचा हौदा पिढ्यान् पिढ्या मुलींना बंद होता, म्हणून हा आकडा मी पुन्हा पुन्हा सांगतो. २००० मध्ये सिडनीत स्त्रियांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं आणि कर्णम मल्लेश्वरीने ६९ किलो गटात २४० किलोंवर कांस्य आणलं, तिथून घराघरांतला विरोध मऊ पडू लागला.

तालमीतून आलेली माणसं बारखाली लगेच ओळखू येतात. बैठकीत टाचा उचलायची सवय, स्क्वॉटला टाच जमिनीला हवी. ते मोडायला महिना लागतो. उलट श्वास, कंबर आणि मांडीची खोली त्यांना शिकवावी लागत नाही. त्यांची अडचण एकच: वजन थोडंथोडं वाढवायचं असतं, हे पटत नाही. स्पर्धेत २००५ पासून एकेका किलोने वजन वाढवता येतं. आपल्या बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान चकती अडीच किलोची, म्हणजे दोन बाजूंनी मिळून एकदम ५ किलोंची उडी. साठी गाठलेल्या माणसाला किंवा नवख्या मुलीला ती बेंच प्रेसवर झेपत नाही, आणि ती माणसं आपल्यात ताकदच नाही असं समजून निघून जातात.

गेल्या वर्षी आम्ही वर्गणी काढून अर्ध्या किलोच्या दोन चकत्या घेतल्या. लहानपणी पंचवटीत जोर मारलेले एक निवृत्त काका दोन महिने ४० किलोंवर अडकले होते. त्या दिवशी त्यांनी ४१ उचलले, बार रॅकवर ठेवला, आणि मला म्हणाले, ‘वहीत लिही.’