लॉजच्या काउंटरवर कुणाचा कोणता कागद घ्यायचा

नवरात्रात कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या लॉजवर रात्री अकरालाही खोलीसाठी रांग असते. अशा गर्दीत सरसकट आधारची झेरॉक्स घेतली आणि किल्ली दिली, की पुढं त्रास होतो. कारण पाहुणा बदलला की कागदही बदलतो.

भारतीय पाहुण्याकडून आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट घ्या. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते एकटं घेऊ नका. पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार कुणी दिलं तर हुज्जत घालू नका. रजिस्टरात ‘पाटील व इतर ४’ असं न लिहिता खोलीतल्या प्रत्येकाचं नाव लिहा.

सज्ञान जोडप्याकडं लग्नाचा दाखला मागायला कायद्याचा आधार नाही. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कायदाच नाही, हे मद्रास उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय. ओळखपत्रं मात्र दोघांचीही घ्या. एकजण जरी १८ च्या आतला असेल, तर पालकांची खात्री होईपर्यंत किल्ली नाही.

खरी गडबड होते ती सी फॉर्मची, म्हणजे परदेशी पाहुण्याची माहिती सरकारला कळवायच्या फॉर्मची (नव्या नियमांत तो ‘फॉर्म III’). परदेशी नागरिक उतरल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन पाठवावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी ही जबाबदारी लॉजचीच आहे. लॉजची या फॉर्मच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी आधीच करून ठेवा. पाहुणा समोर उभा असताना युजर आयडी मिळत नाही. जिल्ह्यात परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी म्हणजे पोलिस अधीक्षक. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि भारतात आल्याचा शिक्का, तिन्हींच्या प्रती घ्या. व्हिसा नंबरच्या रकान्यात पासपोर्ट नंबर भरणं ही नेहमीची चूक. नेपाळी पाहुण्याला व्हिसा लागत नाही, तो मागत बसू नका.

ओसीआय कार्डवाला, म्हणजे भारतीय वंशाचा परदेशी नागरिक, तर अस्सल कोल्हापुरी बोलतो, म्हणून सुटून जातो. पण पासपोर्ट परदेशी आहे ना? मग सी फॉर्म भरायचाच.

महिनोन्महिने राहणारा पाहुणा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली भाडेकरू ठरत नाही, कारण त्यातल्या ‘जागे’च्या व्याख्येतून हॉटेल-लॉजची खोली वगळलीय.

आणि पार्किंगमधली ती ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ पाटी: किल्ली तुमच्या माणसानं घेऊन गाडी लावली आणि हलगर्जीपणामुळं ती चोरीला गेली, तर पाटी वाचवत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे.