चापड्याचा फोटो आणि दीड मीटरचं गणित

पावसाळ्यात आंबोलीला रात्री बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्यांमध्ये एक समज हमखास ऐकू येतो: मलबारी चापडा हा विषारी साप सुस्त असतो, एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसून राहतो, तेव्हा मोबाइल जवळ नेला तरी चालतं. पहिला भाग खरा आहे. चापडा दबा धरून शिकार करतो, म्हणूनच हलत नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्यात उष्णता टिपणारा पातळ पडदा असतो. पावसाने गारठलेल्या झाडीत पुढे आलेला ऊबदार हात त्याला ठळक जाणवतो. अशा सापाचा वार बहुतेक वेळा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पोचतो. आपल्याला दचकून हात मागे घ्यायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो.

वाराची झेप शरीराच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या लांबीची असते. चापडा फार तर मीटरभर, म्हणजे झेप अर्धा मीटर. त्यात फांदी झुलते, ओल्या जांभ्यावर पाय घसरतो, सापाची लांबी जोखण्यात चूक होते. म्हणून दीड मीटर. त्याच्या आत शरीराचा कुठलाच भाग न्यायचा नाही, लेन्सही नाही.

आता खरी गंमत. वेटोळं घातलेला चापडा 20 सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीत बसतो असं धरा. फुल फ्रेम सेन्सर (मोठ्या कॅमेऱ्यातली प्रतिमा टिपणारी चिप) 36 मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रतिमा मूळ वस्तूच्या 0.18 पट. लेन्सपासून वस्तूचं अंतर = फोकल लांबी × (1 + 1/0.18), म्हणजे फोकल लांबीच्या (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याच्या) साधारण साडेसहा पट. 50 मिलिमीटरच्या लेन्सला 33 सेंटिमीटरवर जावं लागेल, 100 च्या मॅक्रोला (जवळून फोटो घ्यायच्या लेन्सला) 65 वर, आणि 300 च्या टेलीला (दूरचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सला) जवळपास दोन मीटरवर. (जवळ फोकस करताना बऱ्याच लेन्सची फोकल लांबी थोडी घटते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर यापेक्षा कमी भरतं.) मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लांबी पाच-सहा मिलिमीटर आणि सेन्सर नखाएवढा. तीच चौकट भरायला तो सापापासून 12 ते 15 सेंटिमीटरवर न्यावा लागतो. विषारी सापाच्या फोटोसाठी सगळ्यात धोकादायक लेन्स आपल्या खिशातच असते.

‘टेलीने सगळं शरीर फोकसमध्ये येत नाही’ ही तक्रारही चुकीची. चौकट तीच आणि अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) तेच असेल, तर फोकसची खोली 100 ला आणि 300 ला जवळजवळ सारखीच येते: f/11 या अॅपर्चरला सुमारे अडीच सेंटिमीटर. फोकस डोळ्यावर ठेवा. काही टेली लेन्स दोन मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. तिथे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये 25 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ नळी, लावायची; मग लेन्स आणखी जवळ फोकस करते.

अडचण येते ती प्रकाशाची. फ्लॅश अर्ध्या मीटरवरून दोन मीटरवर गेला की 16 पट प्रकाश लागतो, शिवाय समोरून मारलेल्या फ्लॅशने ओले खवले पांढरे चमकतात. डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावलेला फ्लॅश मोनोपॉडच्या (एकपायी स्टँडच्या) टोकाला बसवून सोबत्याने बाजूने धरावा, हात दीड मीटरबाहेर ठेवून. शटर 1/200 सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची क्षमता) 400 पासून सुरुवात.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की आजूबाजूचं भान जातं. त्यामुळे आधी डोक्यावरच्या फांद्या, मागची झुडपं आणि पाय ठेवायची जागा बॅटरीने नीट पाहून घ्यायची. पालापाचोळ्यात फुरसं असू शकतं. गमबूट हवेतच. दीड मीटरची रेघ आखायला जमिनीवर छत्री आडवी ठेवली तरी पुरे. सापाची मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडली, की फोटो थांबवून मागे. पान आड येतंय म्हणून फांदी वाकवायची नाही आणि काठीने साप ‘पोज’मध्ये आणायचा नाही; वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आहेच.

चापडा डूख धरून पाठलाग करत नाही. घाबरायचं तर दुसऱ्या गोष्टीला घाबरा: आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. चापड्याच्या विषाविरुद्ध ते बनवलेलं नाही. दंश सहसा प्राणघातक नसला, तरी वेदना आणि सूज भयंकर असते. दंश झालाच तर अंगठी आणि घड्याळ लगेच उतरवायचं, हात फळीला बांधून स्थिर ठेवायचा, करकचून आवळायचं नाही, चिरा द्यायचा नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच नाही. घाट उतरून सरळ रुग्णालय गाठायचं आणि कॅमेऱ्यातला तोच फोटो डॉक्टरांना दाखवायचा, म्हणजे साप फुरसं की चापडा हे त्यांना लगेच कळेल.