फवारणी पंपासारखा आवाज करणारं शस्त्र

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात फवारणी सुरू झाली की पाठीवरच्या पेट्रोल पंपाची घरघर दोन-तीन शेतं ओलांडून ऐकू येते. कोणाच्या मळ्यात काम चाललंय, हे बांधावरचा माणूस न बघता सांगतो. युक्रेनमधले लोक 2022च्या सप्टेंबरपासून असाच, पण कितीतरी मोठा आवाज ओळखायला शिकले आहेत. तो आवाज कानावर पडला की आईबाप झोपलेली लेकरं उचलून तळघरात किंवा मेट्रोच्या स्थानकात धावतात. आवाज असतो ‘शाहेद-136’ या इराणी ड्रोनचा. रशिया त्याला ‘गेरान-2’ म्हणतो आणि आपल्या तातारस्तान प्रांतातल्या अलाबुगा इथे स्वतःच बनवतो. दोन्हीकडे घरघर येते ती टू-स्ट्रोक इंजिनाची.

साडेतीन मीटर लांब, पंखांचा पसारा अडीच मीटर, वजन सुमारे 200 किलो, पुढच्या टोकाला 40-50 किलो स्फोटकं आणि मागे पंखा फिरवणारं चार सिलिंडरचं, साधारण 50 अश्वशक्तीचं इंजिन. वेग ताशी 180 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लढाऊ विमानापुढे काहीच नाही. पण याला परत यायचंच नसतं. त्यामुळे चाकं नकोत, परतीचं इंधन नको, इंजिन वर्षानुवर्षं टिकायलाही नको. एकदा, काही तास चाललं की झालं. स्वस्ताई येते ती इथून. एका ड्रोनची किंमत साधारण 20 ते 50 हजार डॉलर धरली जाते. ते पाडायला ‘पेट्रियट’ या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं आधुनिक क्षेपणास्त्र सोडलं तर एकाच क्षेपणास्त्राला सुमारे 40 लाख डॉलर लागतात.

हा हिशेब सगळीकडे सांगितला जातो, पण तो अर्धाच आहे असं मला वाटतं. खरी तुलना ड्रोन कशावर पडणार होतं त्याच्याशी करायला हवी. 50 किलो स्फोटकांनी अख्खं वीज केंद्र कोसळत नाही. मात्र उपकेंद्रातला तेलाने भरलेला मोठा ट्रान्सफॉर्मर पेटतो. तसा ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळत नाही, मागणी नोंदवल्यावर तो हाती यायला वर्षसुद्धा लागतं. ऑक्टोबर 2022पासून रशियाने वीजव्यवस्थेवर हल्ल्यांची मालिका चालवली, ती ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. मे महिन्यात जळगावात पारा 45च्या वर असताना दिवसभर वीज गेली तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात ते आपण जाणतो. तिकडे उणे तापमानात तसेच हाल होतात.

एवढं संथ ड्रोन वेळेवर दिसत का नाही? कारण ते जमिनीलगत उडू शकतं आणि पृथ्वी गोल आहे. दहा मीटर उंचीवरच्या रडारला 50 मीटर उंचीवरून येणारी वस्तू जेमतेम 40 किलोमीटरवर आल्यावर दिसू लागते. मधे टेकडी असली तर आणखी उशिरा. म्हणजे हातात उरतात फार तर तेरा-चौदा मिनिटं. प्रत्येक खोऱ्यात रडार बसवणं कुणालाच परवडणारं नाही.

युक्रेनने यावर काढलेला उपाय मला या सगळ्यात सर्वात मोलाचा वाटतो. त्यांनी देशभर खांबांवर मायक्रोफोन लावले. अमेरिकी हवाई दलाचे जनरल जेम्स हेकर यांनी 2024मध्ये दिलेल्या माहितीनुसार असे जवळपास दहा हजार संवेदक होते आणि एकाची किंमत 400 ते 500 डॉलर. टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी पडते, त्यामुळे आवाजाला एक ठरावीक लय येते. ट्रॅक्टर, मोटरसायकल, वारा यांच्या गोंगाटातून ती लय वेगळी काढायला संगणकाला शिकवता येतं. पुढे साधं गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. एखादा खांब ड्रोनपासून दुसऱ्यापेक्षा एक किलोमीटर लांब असेल, तर तिथे आवाज तीन सेकंद उशिरा पोहोचतो. अशा तीन-चार खांबांच्या वेळांमधल्या फरकांवरून ड्रोनची जागा निघते. जागा बदलत गेली की दिशा कळते, आणि ती पुढच्या गावाजवळ पिकअप गाडीवर मशिनगन लावून बसलेल्या जवानांपर्यंत पोहोचते. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांच्या आवाक्यातलं हे विज्ञान आहे, आणि त्यांनी ते हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

क्षेपणास्त्रापुढे मशिनगनच्या गोळीची किंमत नगण्य. आपल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत रायफल आणि मशिनगनची काडतुसं बनतात. जुनं वाटणारं हे काम ड्रोनच्या जमान्यात पुन्हा महत्त्वाचं झालं आहे. मे 2025मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवल्याचं भारताने सांगितलं. त्यातले सगळेच आदळून फुटणारे नव्हते, काहींचं काम आपली हवाई संरक्षण व्यवस्था चाचपण्याचं असावं. तेव्हाही ‘एल-70’ आणि ‘शिल्का’ या जुन्या बनावटीच्या तोफा कामाला आल्या.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे दिशाभूल. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर असल्यामुळे त्यांचे संकेत जमिनीपर्यंत येईतो फार क्षीण होतात. जवळून जोरदार रेडिओ लहरी सोडल्या की ते दबून जातात. मग ड्रोन स्वतःच्या आतल्या संवेदकांच्या भरवशावर उडतं, चूक साठत जाते आणि ते भलतीकडे पडतं. यावर रशियाने अनेक अँटेना जोडून गोंगाटाची दिशा वगळणारी यंत्रणा बसवली. मशिनगनला चुकवण्यासाठी ड्रोन दोन-तीन किलोमीटर उंचीवरून यायला लागले. तिथवर मशिनगनची गोळी पोहोचत नाही.

म्हणून आता ड्रोनमागे ड्रोन धावतो. युक्रेनचे हे शिकारी ड्रोन हातात उचलता येतील एवढे लहान आणि शाहेदपेक्षा वेगवान आहेत, किंमत काही हजार डॉलर. जमिनीवरचा चालक कॅमेऱ्यातून बघत ते हाकतो. रात्री उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात शाहेदचं तापलेलं इंजिन उठून दिसतं आणि चालक त्यावरच नेम धरतो. रशियाने आता जेट इंजिनाचा ‘गेरान-3’ आणला आहे. तो ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. त्याला गाठायचं तर शिकाऱ्यांचा वेग आणखी वाढवावा लागेल, आणि तोही किंमत फारशी न वाढवता.