चारोळी घरी फोडताना : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

या पाकिटात चारोळीचे दाणे नाहीत, अख्ख्या बिया आहेत. पाकीट उघडल्यावर दर उन्हाळ्यात काहीजण फोन करतात, "अहो, आम्ही चारोळी मागवली होती, हे काय पाठवलंत?" चारोळीच पाठवली आहे, फक्त तिच्या कवचासकट. ती तशी का पाठवतो आणि घरी कशी फोडायची, हे सांगायला हे पत्रक आहे.

चारोळीच्या झाडाला आमच्याकडे चार म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट आणि पलीकडे नंदुरबारच्या सातपुड्यात ते जंगलात आपसूक वाढते. शेतात फारसे कुणी लावत नाही. एप्रिल-मे महिन्यांत फळ पिकते, हिरव्याचे जांभळट काळे होते. करवंदासारखेच दिसते, पण आकाराने लहान. गर आंबटगोड. जंगलात गेलेली मुले गर चोखून बी टाकून देतात, आणि श्रीखंडावर, बासुंदीत, करंजीच्या सारणात आपण जो दाणा घालतो तो त्या टाकलेल्या बीच्या आत असतो.

या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. कवच आहे तोवर ते तेल सुरक्षित. कवच निघाले, हवा आणि उष्णता लागली की दाणा खवट व्हायला लागतो. वाण्याकडे बरणीत महिनोन्‌महिने पडलेली चारोळी खाल्ल्यावर जिभेवर मागाहून कडवट चव रेंगाळते ती यामुळेच. ज्यांनी ताजी फोडलेली चारोळी कधी खाल्लीच नाही, त्यांना चारोळीची चव अजून कळलेलीच नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. म्हणून अख्खी बी घ्या आणि लागेल तेवढी मूठभर फोडा.

फोडायची कशी

गावाकडे चारोळी जात्यावर फोडतात. वरची तळी खुंट्याशी थोडी उचलून घेतात, म्हणजे दोन दगडांमध्ये बीच्या जाडीपेक्षा जरा कमी फट राहते. मग बी भरडली जात नाही, नुसती तडकते. शहरात जाते नसले तरी पाटा-वरवंटा पुष्कळ घरांत असतो. पाट्यावर सुती फडके दुहेरी पसरा, त्यावर बिया एका थरात ठेवा, वरून फडक्याचा पदर घ्या आणि वरवंटा लाटण्यासारखा फिरवा. आपटू नका. वजन वरवंट्याचे असू द्या, तुमचा हात फक्त दिशा द्यायला. टक्‌ टक्‌ असा बारीक आवाज येतो. फडके उघडले की कवचाच्या दोन वाट्या वेगळ्या झालेल्या दिसतात आणि मधे तांबूस सालीचा चपटा दाणा. पहिल्या दोन घाण्यांत निम्मे दाणे मोडतील, तिसऱ्याला हात बसतो. मोडलेले दाणे टाकू नका, ते खिरीत वाटून घालायला उत्तम.

बिया लहानमोठ्या असल्या तर चाळणीने आधी वेगळ्या करा. मोठ्या बीच्या मापाने फट ठेवली की लहान तशाच राहतात, आणि लहानच्या मापाने ठेवली की मोठ्यांचा चुरा होतो. शेवटी सुपात घेऊन पाखडा. कवच हलके असल्यामुळे बरेचसे उडून जाते, उरलेले हाताने निवडावे लागते. दात नाजूक असलेल्यांना खायला देताना हे निवडणे मन लावून करा, कवचाचा तुकडा दगडासारखा लागतो.

साल काढायची असेल तर दाणे कोमट पाण्यात दोन-तीन तास भिजवून फडक्यात चोळा. भाजीला किंवा केकला साल असली तरी चालते.

स्वतः वेचणार असाल तर

काही ग्राहकांना गावी गेल्यावर स्वतः वेचायची हौस असते, आणि ती फार चांगली हौस आहे. फक्त पिकून गळालेले फळ घ्या. हिरवे फळ ओरबाडून काढले तर आतला दाणा सुरकुतलेला निघतो. दुसऱ्याने नेण्याआधी आपण न्यावे या घाईत कच्ची फळे काढणे, त्यासाठी फांद्याच तोडणे, यामुळे कितीतरी ठिकाणी चार विरळ होत गेली आहे. झाडाखाली बीच पडली नाही तर नवे रोप येणार कुठून? आम्ही ज्यांच्याकडून घेतो त्यांना पिकलेल्या मालाला जास्त भाव देतो, तुम्ही पाकिटामागे जे चार पैसे जास्त मोजता ते इथे जातात.

आणि विचारून वेचा. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून जंगलातल्या झाडाझुडपांपासून मिळणाऱ्या मालावरचा, हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर इतरही अनेक गावांना मिळाला. तिथली चार कुणाचीच नाही असे समजू नका.

वेचलेली फळे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी गोणपाटावर चोळून गर काढा. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया बहुधा पोकळ असतात, त्या बाजूला करा. बाकीच्या कडक उन्हात वाळवा, हातात घेऊन हलवल्या की खडखड वाजल्या पाहिजेत. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही एक दिवस कमी वाळवल्या आणि पोत्यात भरल्या. महिन्याभराने पोते उघडले तर वास आला, आत बुरशी. सगळा माल खड्ड्यात पुरला. बुरशी आलेली बी धुऊन, भाजून वापरायची नसते.

हे मात्र घरी फोडू नका

गोडंबी आम्ही फोडलेलीच विकतो. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला दाणा. बिब्ब्याच्या कवचातले तेल अंगावर उतते, फोड येतात, चट्टे महिनाभर राहतात. पूर्वी धोबी याच रसाने कपड्यांवर खुणा करत, त्या धुऊन जात नसत. ज्या बायका राख लावून एकेक बिब्बा दगडावर फोडतात त्यांच्या बोटांकडे पाहिले की गोडंबी महाग का, हे विचारावेसे वाटत नाही. हौसेखातर घरी बिब्बा फोडू नका, त्याचा धूरही घेऊ नका.

कोकणातून कच्च्या काजूबिया आणणाऱ्यांनाही हेच सांगणे. काजू, बिब्बा, चारोळी आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या कवचातही दाहक तेल असते. बिया ओव्हनमध्ये किंवा स्वयंपाकघरात गॅसवर भाजू नका. गावी अंगणात, जाणत्या माणसाच्या हाताखालीच भाजाव्या. काजू किंवा पिस्ता ज्यांना सोसत नाही त्यांनी चारोळी आणि गोडंबीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि त्या विषारी आहेत. त्या खाऊन शाळकरी मुलांना दवाखान्यात न्यावे लागल्याच्या बातम्या पुन्हापुन्हा येतात. ओळख पटली नाही ती बी तोंडात घालायची नाही. बंगल्यांच्या आवारात, समुद्राकाठी मोठ्या पानांचा देशी बदाम असतो, त्याचे वाळलेले फळ दगडाने फोडून आतला बारीक दाणा खायला मात्र खुशाल द्या.

चारोळीची नानकटाई

पाऊण वाटी चारोळी मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परता. रंग बदलायची वाट पाहू नका, वास सुटला की उतरवा. निम्मी जाडसर कुटा. अर्धी वाटी घट्ट तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर हाताने फेसून पांढरी करा. त्यात एक वाटी मैदा, पाव वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, वेलचीपूड, चिमूटभर मीठ आणि कुटलेली चारोळी घाला. मळू नका, नुसते गोळा होईल इतपत एकत्र करा. गोळा फुटत असेल तर चमचाभर तूप आणखी. पेढ्याएवढे गोळे करून वर अख्खे दाणे दाबा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

ओव्हन १६० अंशांवर तापवून १८ ते २० मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर जाड कढईत मिठाचा थर घालून दहा मिनिटे तापवा, आत जाळी आणि ताटली ठेवून झाकण लावा, मंद आचेवर पंचवीस मिनिटे. बाहेर काढताना नानकटाई मऊच असते, तेव्हाच हलवली तर मोडते. तळ बदामी झाला की काढा आणि पूर्ण गार होऊ द्या. वरचे दाणे करपले तर सगळ्या घाण्याला कडवटपणा येतो, म्हणून शेवटची पाच मिनिटे जवळ उभे राहा.

साठवण : अख्ख्या बिया कोरड्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवल्या तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहतात. फोडलेले दाणे फ्रिजमध्ये, घट्ट झाकणाच्या बाटलीत, महिन्याभरात संपवा. नवा माल जूनच्या सुरुवातीला येतो. बी ओलसर वाटली किंवा वास आला तर फोन करा, पाकीट बदलून देऊ.