मीटर खूश, पण आवाज पोचतोय का?

सीबी रेडिओ म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायचा सर्वसामान्यांचा रेडिओ (सिटिझन्स बँड). अमेरिकेत त्याला एएम या आवाज पाठवायच्या जुन्या पद्धतीवर ४ वॉटची मर्यादा आहे. संच महागडा असो वा जुनापाना, कायद्याने ताकद तेवढीच, म्हणजे छोट्या एलईडी दिव्याइतकी. गाडी बदलली की पोच बदलते, त्यात मोठा वाटा अँटेनाचा असतो.

सीबी सुमारे २७ मेगाहर्ट्झवर चालतो. तिथे तरंगलांबी ११ मीटर भरते, आणि गाडीवरचा आदर्श अँटेना तिच्या पाव, म्हणजे साधारण २.६ ते २.७ मीटरचा. एवढी काठी गाडीवर उभी केली तर पहिल्याच पुलाखाली मोडेल. म्हणून काठी आखूड करतात आणि उरलेली कसर तारेच्या कॉइलने भरून काढतात. कॉइल अँटेनाला सुरात आणते खरी, पण लांबीचं काम करत नाही. पाव तरंगलांबीच्या काठीचा प्रारण-रोध (काठी किती शक्ती हवेत सोडू शकते याचं माप) ३६ ओमच्या आसपास असतो. तीच निम्मी करून तळाशी कॉइल बसवली की तो जेमतेम ६ ओमवर येतो. कॉइल आणि गाडीचा पत्रा यांतली गळती मात्र कमी होत नाही, त्यामुळे ४ वॉटमधला बराच हिस्सा नुसती उष्णता होऊन जातो. कॉइल वर सरकवली तर तिच्याखालच्या काठीत प्रवाह भरपूर टिकतो आणि प्रारण सुधारतं. तळाची कॉइल दिसायला नेटकी, कामाला मागे.

अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्राच. छताच्या मधोमध काठी बसवली तर चारही दिशांना जवळपास सारखी पोच मिळते. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवली तर जोर पुढे उजवीकडे झुकतो, कारण पत्रा तिकडे जास्त. बंपरवरच्या लांब काठीचा खालचा भाग गाडीच्या आडोशाला जातो, त्यामुळे छतावरची आखूड काठी कित्येकदा तिला हरवते.

आता मीटर. तो एसडब्ल्यूआर दाखवतो, म्हणजे संच आणि अँटेना यांचा मेळ किती जमलाय ते; १ म्हणजे पूर्ण मेळ. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर जेमतेम ४ टक्के शक्ती परत फिरते, २ ला ११ टक्के, ३ ला २५. तीनच्या पुढे संचाला धोका, म्हणून मोजायचंच. पण अँटेनाऐवजी ५० ओमचा नुसता रोधक जोडला तर मीटर १ दाखवतो आणि हवेत काहीच जात नाही! गळकी केबलही आकडा सुधारून दाखवते. मीटर फक्त मेळ सांगतो, पोच नाही.

जुळवणी मोकळ्या जागी, दारं बंद करून करावी. सर्वांत वरच्या चॅनेल ४० वर आकडा सर्वांत खालच्या चॅनेल १ पेक्षा जास्त आला तर काठी लांब आहे, थोडी कमी करा. उलट असेल तर वाढवा. दोन्ही बाजूंच्या आरशांवर एकेक काठी लावायच्या जोड-अँटेनांचा मोह कारवाल्यांनी टाळावा. पुढे-मागे जोर मिळायला दोन काठ्यांत पाव तरंगलांबीच्या आसपास अंतर लागतं, आणि तेवढी रुंदी ट्रकलाच असते.